अकरा हजार वेळा बौद्ध

मंडळाच्या खोलीत सर्व्हर आला तो दिवस यशोधराला अजून लख्ख आठवतो. २००५ सालचा मे महिना, अंबरनाथ पूर्वेची ती पत्र्याची खोली, आणि आत माणसं इतकी की पंख्याचा वारा कोणालाच लागत नव्हता. त्याला सर्व्हर म्हणणं म्हणजे जरा मोठेपणा देणंच होतं. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या मुकेशने जुळवून दिलेला तो एक पांढरट उभा डबा होता. पण भीमरावकाकांनी तसबिरींपुढे मेणबत्ती लावली, सगळ्यांनी उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हटलं, आणि माईंनी आपल्या जुन्या निळ्या साडीची बेतून शिवलेली खोळ त्या डब्याला घालून दाखवली. एवढं कौतुक एखाद्या घरात पहिल्या नातवाचंही होत नसेल.

मंडळाचं काम लग्नं जुळवण्याचं. कल्याणपासून कर्जतपर्यंतच्या बौद्ध घरांतली मुलंमुली तिथे नाव नोंदवायची. बावीस वर्षं हे सगळं माईंनी एकटीने सांभाळलं होतं. त्यांचं नाव चांगुणाबाई, पण ते फक्त त्यांच्या पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली ही बाई बुटांच्या खोक्यांत कार्डं लावून ठेवी आणि मागेल त्याला हवं ते कार्ड चुटकीसरशी काढून देई. मग साखरेने डोळ्यांवर घाला घातला. कार्डावरची अक्षरं पुसट दिसायला लागली तेव्हा माई स्वतःच म्हणाल्या, "आता हे मशीनमध्ये घाला बाबांनो. मी गेले तर या खोक्यांचा उपयोग उंदरांना."

घालायचं काम आलं यशोधराकडे. ती सत्तावीस वर्षांची, एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत डेटाबेस सांभाळणारी, आणि मंडळाचे सचिव भीमरावकाका म्हणजे तिच्या वडिलांचे कारखान्यातले जोडीदार, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. लग्नाच्या नोंदणीचं तयार सॉफ्टवेअर ठाण्याच्या एका कंपनीकडून सीडीवर आलं. अकरा हजार कार्डं, प्रत्येकाचा फोटो स्कॅन करायचा, नाव, वय, शिक्षण, पत्ता टाइप करायचा. पाच जण उन्हाळाभर बसले. आंब्याच्या फोडी खात, एकमेकांच्या ओळखीची स्थळं सापडली की ओरडत त्यांनी ते काम केलं. यशोधराला पुढे चकचकीत ऑफिसं मिळाली, पण कामात तेवढी मजा पुन्हा कधी आली नाही.

एकच गोष्ट अडली होती. त्या फॉर्मवर नावाखाली 'पोटजात' असा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय मशीन पुढे सरकायचं नाही. मंडळाचा नियम तर पहिल्या दिवसापासूनचा होता, की हा प्रश्न इथे विचारायचा नाही आणि कोणी सांगितलं तरी लिहायचं नाही. पाचही जण हात थांबवून बसले. तेव्हा यशोधरानेच तोड काढली. त्या रकान्यात प्रत्येकासाठी आपोआप 'बौद्ध' उमटेल अशी व्यवस्था तिने करून टाकली. अकरा हजार माणसं, अकरा हजार वेळा बौद्ध. भीमरावकाकांनी भर बैठकीत तिची पाठ थोपटली आणि म्हणाले, "शाब्बास पोरी. कंपनीला काय कळायचं ते!" यशोधरा आठवडाभर हवेत होती.

डिसेंबरातल्या मेळाव्यात ती धाडकन खाली आली. सभागृहात पाच संगणकांचे पडदे मांडले होते. नाव सांगा, अपेक्षा सांगा, मशीन स्थळं काढून देईल, असं पत्रकात छापलं होतं. मशीन द्यायचं, पण पाच मिनिटांनी. पाचही पडद्यांवर एकदम शोध सुरू झाला की दहा मिनिटांनी. चामटोलीचे शिवराम नावाचे गृहस्थ शोध लावून जेवायला गेले, वरणभात खाऊन, हात धुऊन परत आले तरी पडद्यावर वाळूचं घड्याळच फिरत होतं. "हे घड्याळ आमच्या पोरीचं वय वाढवतंय," असं ते मोठ्याने म्हणाले आणि रांग हसली. मग रांग चिडली, आणि मग निघून गेली. उरलेल्यांसाठी रिक्षा पाठवून माईंची खोकी आणावी लागली. अर्धवट दिसणाऱ्या डोळ्यांनी त्या म्हातारीने संध्याकाळपर्यंत कार्डं काढली, आणि यशोधरा शेजारी बसून त्यांना नावं वाचून दाखवत राहिली. तोंड लपवायला जागा नव्हती.

दुसऱ्याच आठवड्यात ती मुकेशच्या दुकानात गेली. दुकान कसलं, जीन्सच्या दोन गाळ्यांमधली बोळकंडी. पण त्यात पंख्यापासून मदरबोर्डपर्यंत सगळं टांगलेलं. मुकेश सिंधी, यशोधराच्याच वयाचा, आणि मराठी बोलायची त्याला हौस भारी. त्याने रॅम २५६ एमबीची थेट एक जीबी केली, जुन्या डिस्कच्या जागी जास्त वेगाची बसवली. पाच मिनिटांची तीन झाली. यशोधरा म्हणाली, अजून मोठं मशीन घेऊ. मुकेश स्वतः अंबरनाथला आला, खोळ काढून डब्याकडे अर्धा तास टक लावून बसला, आणि त्याने मान हलवली.

"मॅडम, मी विकेल ना मोठा सर्व्हर. माझा तर धंदाच आहे. पण ही लाल बत्ती बघा. विझतच नाय. डिस्क बैठती ही नहीं, पळतेच आहे. कोणीतरी तिला फुकट पळवतोय. मोठी मशीन घेतली तर ती मोठी पळेल, बस. आधी बघा कोण पळवतोय."

विकायला बसलेला माणूस विकू नका म्हणतो, हे यशोधराने त्यानंतर फार कमी वेळा पाहिलं. तिने घरी जाऊन सॉफ्टवेअरच्या पोटातला शोधाच्या आज्ञांचा मजकूर उघडला आणि वाचता वाचता तिचे कान गरम झाले. शोध दोन टप्प्यांत चालायचा. पहिली चाळणी पोटजातीची. तिच्यातून जेवढे उरतील तेवढे सगळे, त्यांच्या फोटोंसकट, सर्व्हरवरून समोरच्या पडद्यापर्यंत ओढून आणायचे, आणि वय, शिक्षण, नोकरी हे सगळं मग तिथे बघायचं. कंपनीच्या बाकीच्या गिऱ्हाइकांकडे पहिल्या चाळणीतच शंभरातले पंच्याण्णव गळत असणार. मंडळात एकही गळत नव्हता, कारण सगळेच बौद्ध. म्हणजे एका मुलीला वर शोधायचा तर अकरा हजार माणसं फोटोसकट तारेतून धावत यायची. आणि त्या सगळ्यांना एकाच नावाने उभं करणारी यशोधरा होती.

तिने कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. "मॅडम, तो रकाना नीट भरा ना," तो म्हणाला. "आमचा इंडेक्स त्याच्यावरच आहे. भरलात की दोन सेकंदांत रिझल्ट." तांत्रिकदृष्ट्या तो शंभर टक्के खरं बोलत होता, आणि यशोधराला तेच जास्त लागलं.

ती गोष्ट कार्यकारिणीपासून लपवणं तिला जमलं नाही. एप्रिलच्या मेळाव्याला दोन आठवडे उरले होते. रविवारी दुपारी बैठक भरली आणि तिने सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. मग राजरत्न बोलला. तो कार्यकारिणीतला तरुण सभासद, मेळाव्याची सगळी पळापळ करणारा.

"मग भरू या ना," तो म्हणाला. "नाव नको लिहायला. एक, दोन, तीन असे आकडे टाकू. मशीनच्या पोटात राहतील, कोणाला दिसणार आहे?"

"आकडे?" भीमरावकाकांनी टेबलावर हात आपटला तशी पाण्याची भांडी हलली. "माझ्या बापानं छप्पन साली जे टाकलं ते मी मशीनच्या पोटात भरू? कशासाठी, तर लवकर मिळावं म्हणून?"

"काका, ओरडू नका, ऐका," राजरत्न म्हणाला. "डिसेंबरात अडीचशे घरं परत गेली. ती कुठं गेली माहितीये? ठाण्याच्या वधूवर केंद्रात. तिथं दारातच तो प्रश्न विचारतात. आपलं मशीन असंच रखडलं तर सगळेच तिकडं जाणार. मग आपला नियम आपण कोणाला सांगायचा, या भिंतींना?"

दोघांचंही खरं होतं. शेवटी असं ठरलं की यशोधराला पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत द्यायची. तोवर मशीन धावलं तर ठीक. नाहीतर शनिवारी आकडे भरायला घ्यायचे. आणि ते भरणार कोण, तर यशोधरा, कारण सर्व्हरची किल्ली तिच्याकडे. घरी जाताना तिला रडू फुटलं. कोणाचं मूळ काय, हे तिला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं. आता ते तिला घरोघरी विचारत फिरावं लागणार होतं.

सोमवारी तिने ऑफिसात रजा टाकली आणि बदलापूरला माईंच्या घरी गेली. तिथे जाऊन करायचं काय हे तिलाही नीट ठाऊक नव्हतं; इतकंच वाटत होतं की डोळे अधू असलेली म्हातारी मशीनपेक्षा लवकर कार्ड काढते, तर कशी काढते ते एकदा बघावं. माईंनी बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला, तिच्या कपात मात्र दोन चमचे घातले, आणि खोकी पलंगाखालून ओढली.

"समजा, मी बापासोबत आलेली मुलगी आहे," यशोधरा म्हणाली. "मला स्थळ काढून द्या."

माईंनी लगेच चेहरा बदलला. खोलीत नसलेल्या बापाला त्या म्हणाल्या, "तुम्ही थांबा जरा, पाणी प्या." मग यशोधराकडे वळून विचारलं, "बाळ, माहेरापासून किती स्टेशनं लांब चालेल तुला?"

"हे पहिलं विचारता?"

"मग काय विचारू? उंची?" माई हसल्या. "अगं, आयुष्यभर बाळंतपणं केली मी. माहेर लांब म्हणून रडणाऱ्या पोरी बघितल्या आणि माहेर फार जवळ म्हणून रडणाऱ्याही बघितल्या. बाप कधी हे विचारत नाही. मुलीला विचारलं की ती लगेच सांगते. सांग, किती?"

"दोन," यशोधरा म्हणाली. ती अंबरनाथची.

माईंचा हात सरळ एका खोक्यावर गेला. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, प्रत्येक स्टेशनाचं खोकं वेगळं, आणि आतली कार्डं वयाप्रमाणे लावलेली. त्यांना वाचावं लागतच नव्हतं. कुठल्या खोक्यात कितव्या बोटावर हात थांबवायचा हे हाताला माहीत होतं. बघता बघता बारा कार्डं बाहेर आली. शिक्षण विचारलं, चार उरली. यशोधराने कार्डांमागे टाचलेले फोटो बघायला हात पुढे केला तसा माईंनी तिच्या हातावर चापटी मारली.

"फोटो शेवटी. फोटो आधी दिला की पुढचं कोणी ऐकत नाही. चार उरल्यावर दाखवायचा."

यशोधरा हसायला लागली ती थांबेचना. माईंना वाटलं पोरीला ताण आलाय, त्यांनी पाणी आणलं. तिला एकदम सगळं समोर दिसत होतं. ठाण्याच्या कंपनीने भरपूर विचार करून केलेलं काम उलट्या टोकाने केलं होतं, आणि ही बाई बावीस वर्षं ते सुलट्या टोकाने करत होती.

पुढचे चार दिवस तिच्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस. डेटाबेसच्या टेबलात तिने 'स्टेशन' नावाचा नवा रकाना केला. तो भरायला कोणाच्या दारी जायची गरजच नव्हती. माईंची खोकी आधीच स्टेशनाप्रमाणे लागलेली होती आणि प्रत्येक कार्डावर नोंदणीचा क्रमांक होता. ती खोकी पुन्हा मंडळात आली. माई एकेक खोकं मांडीवर घेऊन स्टेशनाचं नाव सांगायच्या, चौघं क्रमांक वाचायचे आणि टाइप करायचे. दुसऱ्या दिवशी राजरत्न आला, पाचव्या खुर्चीवर बसला आणि त्याने नेरळचं खोकं ओढून घेतलं. माईंनी त्याच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. त्या दोघांत एवढंच बोलणं झालं.

यशोधराने फोटो वेगळ्या टेबलात हलवले, ते मागितल्याशिवाय जागचे उठणार नाहीत असे. शोधाचा मजकूर नव्याने लिहिला, फॉर्मवरची पोटजातीची सक्तीही काढली. आधी स्टेशन, मग वय, मग शिक्षण, आणि ही सगळी निवड सर्व्हरवरच. पडद्यापर्यंत फक्त उरलेले यायचे. स्टेशन आणि वय यांचा मिळून इंडेक्स, म्हणजे मशीनला चटकन बघता येईल अशी सूची, केला. शुक्रवारी दुपारी तिने पहिल्यांदा शोध लावला आणि मनात आकडे मोजायला घेतले. दोनपर्यंत पोचायच्या आत पडद्यावर नावं होती. तिला वाटलं चुकलं असेल. पाचही पडद्यांवर एकदम लावून बघितला, तरी तेच.

मुकेशला निरोप गेला तसा तो दुकान भावावर टाकून आला. फोटो बाजूला झाल्यावर उरलेली अकरा हजार माणसं त्याने बसवलेल्या रॅममध्ये आरामात मावत होती. डिस्ककडे कोणी फिरकतच नव्हतं. तो उकिडवा बसून लाल बत्तीकडे बघत राहिला. "अब बैठी," तो म्हणाला, आणि स्वतःच्या लेकीला बरं वाटल्यासारखा हसला.

शनिवारी यशोधरा खोलीत एकटीच होती. पोटजातीचा रकाना अजून टेबलात होता, अकरा हजार वेळा बौद्ध लिहिलेला, निरुपद्रवी. पण कार्यकारिणी बदलते, माणसं बदलतात. आज आकडे टळले म्हणून उद्या टळतील असं नाही. रिकामी जागा दिसली की कोणालातरी ती भरावीशी वाटते. तिने कोणाला विचारलं नाही. टेबलातून रकाना कायमचा काढायची आज्ञा एका ओळीची असते. ती टाइप करून यशोधरा बराच वेळ बसून राहिली, आणि मग तिने एंटर दाबला.

मेळावा मात्र दणक्यात झाला. वांगणीपासून विठ्ठलवाडीपर्यंतची माणसं आली होती. पडद्यांच्या शेजारी माईंना खुर्ची दिली होती आणि त्या प्रत्येक मुलीला आपला पहिला प्रश्न विचारत होत्या. बाप गोंधळायचे, मुली लाजत बोटं दाखवायच्या. एका मुलीने दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली तेव्हा तिच्या आईसकट रांग हसली. नावं पटापट पडद्यावर येत होती. शिवराम पुन्हा आले, नुसते खुर्चीवर टेकले आणि लगेच उठले. "जेवायला पण जाऊ देत नाय आता," असं म्हणत गेले.

दुपारी गर्दी जेवणाकडे पांगली तेव्हा भीमरावकाका आपल्या मायाला घेऊन आले. माया त्यांची एकुलती एक, बी.एड. झालेली. मायाने दोन बोटं दाखवली. वांगणीचं एक स्थळ निघालं. मुलगा बदलापूरच्या शाळेत गणित शिकवणारा, घरी आई आणि धाकटा भाऊ. फोटो बघून मायाने तो पडदा बदलू दिला नाही. ती आईला बोलवायला गेली. भीमरावकाका इकडे तिकडे बघून वाकले. आवाज इतका खाली की यशोधराला कान पुढे करावा लागला.

"यशोधरा, त्यांचं... म्हणजे पूर्वीचं काय, ते कळतं का गं कुठं? मायाची आत्या विचारत होती."

जगात दुसऱ्या कोणीही विचारलं असतं तरी चाललं असतं. "काका, तो रकाना नाही आता," यशोधरा म्हणाली. "गेल्या शनिवारी मी काढून टाकला."

ते तसेच वाकलेले राहिले. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. मग ते सरळ झाले, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"आत्यानं नाही विचारलं," ते म्हणाले. "मीच विचारलं."

तिला वाटलं, विषय तिथे संपला. समारोपाला ते माईकवर गेले, आभाराचा कागद उघडला आणि घडी घालून खिशात ठेवला. "आज दुपारी," ते म्हणाले, "माझ्या मुलीचं स्थळ निघालं, आणि जो प्रश्न या मंडळात बावीस वर्षं मी कोणाला विचारू दिला नाही, तो मी विचारला. हळू आवाजात विचारला. मशीनकडे उत्तर नव्हतं म्हणून मी वाचलो. तुमच्यापैकी ज्यांनी आज तो मनात विचारला असेल, त्यांना मी काय सांगू? मी तुमच्यातलाच एक."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. बऱ्याच जणांनी माना खाली घातल्या होत्या, आणि मागच्या रांगेत माया आईचा हात धरून उभी होती, गालांवरचं पाणी न पुसता.

आता भीमरावकाका नाहीत, माईही नाहीत. यशोधराने पुढे याच्या हजारपट मोठे सर्व्हर सांभाळले, आणि त्यातलं काय काय ती विसरूनही गेली. पण चारचौघांत स्वतःची लाज अशी उघडी करणारा माणूस तिला पुन्हा भेटला नाही, आणि त्यांची आठवण आली की तिला आपल्या वडिलांपेक्षा त्यांचीच उणीव जास्त जाणवते. मायाचं लग्न त्याच वर्षी दिवाळीनंतर वांगणीला झालं. मुलाकडच्यांचं पूर्वीचं काय होतं ते भीमरावकाकांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यांनी ते कोणाला विचारलंही नाही.